लाल फडकं म्हणजे परवाना नव्हे

दसरा-दिवाळी आली, की साखर कारखान्यांच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. गव्हाणीची पूजा होते, पुढाऱ्यांच्या हस्ते पहिली मोळी पडते, आणि त्या दिवसापासून चार-पाच महिने आपल्या भागातले रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले उसाचे बुडखे, वर मोळ्यांचा डोंगर, आणि सगळ्यात मागं वाऱ्यावर फडफडणारं एक लाल फडकं. हे फडकं बांधलं की आपलं काम झालं, पोलीस अडवत नाही, मागच्याला दिसतं, आणि काही झालंच तर 'आम्ही खूण केली होती' असं म्हणता येतं, अशी आपल्याकडं पक्की समजूत आहे.

ही समजूत चुकीची आहे. वाहनाच्या हौद्याबाहेर माल काढायला लाल फडक्यामुळं परवानगी मिळत नाही. तशी कायद्यात तरतूद नाही. हे आज, हंगाम रंगात येण्याआधी सांगायला हवं. एकदा तोडणी सुरू झाली, की ऐकायला ना मालकाला वेळ असतो, ना ड्रायव्हरला, ना कारखान्याच्या शेतकी खात्याला. मग कुणाचा तरी मुलगा मोटरसायकलवरून उसाच्या टोकांवर जातो, आणि दोन दिवस सगळ्यांना रिफ्लेक्टर आठवतात. बैल गेला अन् झोपा केला, असा हा कारभार.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला ९३ वा नियम वाहनाच्या मापांचा आहे. या नियमात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. त्या नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट वाहनाच्या स्वतःच्या शेपटीची. मागच्या चाकाच्या आसापासून वाहनाच्या शेवटच्या टोकापर्यंत जो भाग मागं लोंबतो, त्याला इंग्रजीत 'ओव्हरहँग' म्हणतात. आपण त्याला शेपूट म्हणू. ट्रॅक्टरचं शेपूट १.८५ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. इतर वाहनांत ते पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे एखाद्या टेम्पोच्या दोन आसांत ४ मीटर अंतर असेल, तर मागचं शेपूट २.४० मीटरपर्यंतच. गावातल्या वर्कशॉपमध्ये हौदा मागं दोन-तीन फुटांनी वाढवून घेतात, तेव्हा हे माप कुणी टेपनं मोजत नाही. मोजायला हवं. वाहनाची रुंदीही २.६ मीटरच्या आतच ठेवायची आहे.

दुसरी गोष्ट मालाची. त्याच नियमाचा आठवा पोटनियम सांगतो, की माल हौद्याच्या बाजूंच्या बाहेर येता कामा नये, हौद्याच्या पुढं येता कामा नये, वाहनाच्या मागच्या टोकाबाहेर जाता कामा नये आणि ठरलेल्या उंचीच्या वर जाता कामा नये. चार दिशा, चारही बंद. फडकं बांधा, दिवा लावा, नाहीतर पाटी लावा, त्यानं या चार दिशा उघडत नाहीत.

सवलत गेली, सवय राहिली

मग लाल फडक्याची समजूत आली कुठून? तिला जुना आधार आहे. पूर्वी या नियमाला एक सवलत जोडलेली होती. खांब, सळई किंवा तोडता न येणारी एकसंध वस्तू मालवाहू गाडीत असेल, तर ती मागच्या बाजूला एक मीटरपर्यंत बाहेर आली तरी चालत असे. सळयांच्या गाडीमागं लाल फडकं बांधायची चाल त्याच काळातली. पण अशा बाहेर आलेल्या सळयांनी रस्त्यावर इतकी माणसं मारली, की २०१४ साली केंद्र सरकारनं ती सवलतच काढून टाकली. सवलत जाऊन इतकी वर्षं झाली. आपली सवय मात्र तशीच राहिली.

आणि नीट पाहा, ती सवलत होती तेव्हासुद्धा उसाला ती लागू नव्हती. ऊस म्हणजे तोडता न येणारी वस्तू नव्हे, तो तोडूनच तर आणतो आपण. कडबा, बांबू, पाचटाच्या गाठी यांचंही तेच. शिवाय सवलत फक्त मागच्या बाजूची होती. बाजूनं माल बाहेर काढायला तेव्हाही मुभा नव्हती. उसाची टोकं तर मुख्यतः बाजूनंच बाहेर येतात. म्हणजे आपण ज्या सवलतीच्या भरवशावर होतो, ती आपल्याला कधी मिळालेलीच नव्हती.

पवनचक्कीचं लांबलचक पातं रस्त्यानं जाताना तुम्ही पाहिलं असेल. 'ते जातं, मग आमची ट्रॉली का नाही?' असा प्रश्न पारावर निघतो. पातं मधून कापता येत नाही. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची वेगळी परवानगी काढलेली असते आणि गाडीच्या मागं-पुढं दुसरी वाहनं असतात. आपल्या ट्रॉलीसाठी अशी परवानगी कुणी काढतं का?

दंड आता पूर्वीचा नाही

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १९४ व्या कलमात नवं पोटकलम आलं, १९४ (१अ). माल बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला, तर दंड २० हजार रुपये. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. आणि माल नीट लावल्याशिवाय वाहन जागचं हलवू द्यायचं नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

जादा वजनाचा दंड त्याहून निराळा. तो २० हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. समजा ट्रॉलीत मान्य वजनापेक्षा ३ टन जास्त भरले आणि माल बाहेरही आला. पहिल्या गुन्ह्याचे २६ हजार, दुसऱ्याचे २० हजार, एकूण ४६ हजार. एका खेपेत किती सुटतात, ते तुमचं तुम्हीच मांडून पाहा.

आणखी एक शब्द या कलमात आहे. नुसता 'चालवणारा' नव्हे, तर 'चालवायला लावणारा' किंवा 'चालवू देणारा' यालाही शिक्षा आहे. म्हणजे ड्रायव्हरवर ढकलून मालकाला मोकळं होता येत नाही. कुणाचा जीव गेला तर प्रकरण दंडावर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास तिच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ती दोन वर्षांपर्यंत होती.

'शेतमालाला सूट असते ना?'

हा प्रश्न हमखास येतो. ट्रॅक्टर शेतीचा, माल शेतीचा, मग आम्हाला कसला कायदा? शेतीच्या ट्रॅक्टरला काही बाबतीत वेगळं धरलं आहे, हे खरं. नियमांच्या व्याख्येत तो बिगर-परिवहन वाहन आहे. पण १९४ (१अ) मध्ये शब्द आहे 'मोटार वाहन'. आणि कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा असला, म्हणून मागची ट्रॉली आपोआप त्यात येत नाही. ट्रॉलीचे कागद वेगळे, तिचा विमा वेगळा. अपघातानंतर दावा न्यायाधिकरणात गेला, की पहिला प्रश्न हाच निघतो: ट्रॉलीचा विमा आहे का? नसेल तर विमा कंपनी हात वर करायला पाहते, आणि भरपाईसाठी मालकाच्या सात-बाराकडं बोट जाऊ शकतं. एका बाजूला मेलेल्याचं घर उघडं पडतं, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरवाल्याचं. दोन्ही घरं शेतकऱ्यांचीच.

शेपूट कसं मारतं?

कायदा बाजूला ठेवा, नुसता हिशेब पाहा. गावाकडचा एकेरी डांबरी रस्ता बहुधा ३.७५ मीटरचा असतो. ट्रॉली सव्वादोन मीटर रुंद धरा. दोन्ही अंगांनी ऊस अर्धा-अर्धा मीटर बाहेर आला, की झाले सव्वातीन मीटर. समोरून येणाऱ्याला उरला जेमतेम अर्धा मीटर, तोही ट्रॉली अगदी एका कडेनं गेली तर. साइडपट्ट्या तर बहुतेक ठिकाणी खचलेल्या. सायकलवरच्या पोरानं जायचं कुठं?

वळणावर दुसराच प्रकार होतो. ट्रॅक्टर डावीकडं वळला, की मागच्या आसाच्या पाठीमागचा भाग उजवीकडं झोक घेतो. जेवढं शेपूट लांब, तेवढा झोक मोठा. पाइप किंवा बांबू मागं आठ-दहा फूट लोंबत असतील, तर त्यांचं टोक पलीकडच्या माणसाला झाडूनच काढतं. ड्रायव्हरची नजर वळणाच्या आतल्या बाजूला असते, मागं काय झालं हे त्याला कळतही नाही. शेपटीला मर्यादा घातली आहे ती यासाठीच.

दोन चाकी ट्रॉलीचं तर तराजूसारखं असतं. आस हा तिचा काटा. आसाच्या मागं माल जास्त झाला, की पुढचा दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि उतारावर ब्रेक धरत नाहीत. उलट सगळा माल पुढं रेटला, की हुकावर भार येतो आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. ट्रॅक्टर मागं उलटण्याच्या ज्या घटना आपण ऐकतो, त्यात हे एक मोठं कारण. माल आसाच्या दोन्ही बाजूंना सारखा लावणं आणि थोडा पुढं कलता ठेवणं, हे जुन्या गाडीवानालाही ठाऊक होतं. बैलांच्या मानेवर 'जू जड की हलकं' हे तो पाहूनच गाडी भरायचा.

आणि रात्र. मोटरसायकलचा उजेड रस्त्यावर खाली पडतो. उसाची टोकं असतात छाती-डोक्याच्या उंचीवर. समोरून दुसऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, की काळोखात काळी ट्रॉली दिसतच नाही. दिवसा लाल दिसणारं फडकं रात्री काळंच असतं. पुढं पांढरा, मागं लाल आणि बाजूला पिवळा परावर्तक, ही खूण रात्री बोलते. पण तोही रिफ्लेक्टर पाचटानं झाकला, चिखलानं माखला किंवा बाहेर आलेल्या उसाखाली गेला, तर असून नसल्यासारखा.

खेपेचं गणित

आता मूळ दुखण्याकडं वळू. ट्रॅक्टरवाला हौसेनं ट्रॉली फुगवत नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो. मुकादमाला दिलेली उचल फेडायची असते, ट्रॅक्टरचा हप्ता असतो, डिझेल आहे, कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढं तास न् तास रांग असते. एका खेपेत जितकं जास्त जाईल तितकं बरं, हे त्याचं साधं गणित. त्यामुळं रस्त्यावर ट्रॅक्टर अडवून पावती फाडली, की प्रश्न सुटला, असं आम्हाला वाटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्याचं रूप होतं.

जो माल रस्त्यावर बेकायदा आहे, तो वजनकाट्यावर बिनबोभाट कसा चालतो, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या दारातून जाते. तिथं वजन होतं, नंबर टिपला जातो, पावती निघते. जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर नाके बसवण्यापेक्षा त्या एका दारात नियम पाळला गेला, तर चार दिवसांत सगळ्या ट्रॉल्या मापात येतील. बाहेर आलेल्या उसाची खेप पहिल्यांदा ताकीद देऊन घ्यायची, दुसऱ्यांदा तिचा नंबर मागं टाकायचा, एवढं कळलं तरी पुरे. काट्यावर सहा तासांची रांग टळणं हे ट्रॅक्टरवाल्याला दंडापेक्षा जास्त समजतं.

आणि शेतकरी बंधूंनो, यात आपला संबंध नाही असं समजू नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या बिलातून, एफआरपीच्या रकमेतून वजा होतो. म्हणजे ही वाहतूक आपल्याच पैशानं चालते. पैसे आपले, तर ती कशी व्हावी हे विचारायचा हक्कही आपला. शिवाय ट्रॉली रस्त्यात अडवली गेली, माल उतरवून परत भरावा लागला, तर तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटतं ते कुणाचं? काट्यावर गेल्यावर कळतं.

बंद पडलेली ट्रॉली

जादा भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटतो, आस मोडतो, आणि ती तिथंच सोडून ट्रॅक्टर निघून जातो. रात्रभर ती काळोखात उभी. भोवती चार दगड. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते, दगड राहतात, आणि पुढचा आठवडाभर ते दगड लोकांना पाडतात. वाहन किंवा ट्रेलर धोका होईल अशा जागी सोडून जाणं हा मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाचा भंग आहे. ट्रॉली बंद पडली तर आधी ती रस्त्याच्या खाली घ्या. जमतच नसेल तर मागं बरंच अंतर ठेवून चमकणारा त्रिकोण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन बसवा. नादुरुस्त वाहन दोरानं ओढून न्यायचं झालं, तर दोन वाहनांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर असू नये, आणि दोर लांबून दिसेल असा असावा. काळा तार-दोर रात्री कुणाला दिसत नाही. दोन वाहनांच्या मधून वाट आहे असं समजून माणूस त्यात शिरतो.

आता काय करायचं?

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लागलाच तर थोडा.

ट्रॅक्टरमालकांनी हंगामाआधी ट्रॉलीच्या चारही अंगांना परावर्तक पट्टी लावून घ्यावी, मागचे दिवे आणि वायरिंग जोडून घ्यावं, ट्रॉलीचे कागद व विमा पाहावा, आणि हौद्याचं माप एकदा टेपनं घ्यावं.

तोडणीच्या टोळीला सांगा, की ऊस ट्रॉलीच्या रुंदीत बसेल असा तोडा. सात फुटांच्या ट्रॉलीत दहा फुटी ऊस आडवा टाकला, की तीन फूट बाहेर येणारच, दीड-दीड फूट दोन्हीकडं. लांब ऊस मधून तोडून मोळी बांधली, तर हा प्रश्न फडातच मिटतो. या कामाला वेळ लागतो हे खरं, म्हणून टोळीला त्याचा मोबदला ठरवून द्यावा. फुकटच्या सूचना कुणी पाळत नाही.

कारखान्यांनी वाहतूक करारातच हे कलम घालावं आणि काट्यावर ते पाळावं. परावर्तक पट्ट्या स्वतः वाटाव्यात, बैलगाड्यांनाही लावाव्यात. कारखान्याच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

सरपंच आणि पोलीस पाटील यांनी गावातली अरुंद वळणं, लोंबत्या विजेच्या तारा, शाळेपुढचा रस्ता यांची यादी करावी. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला ट्रॉल्या गावाबाहेर थांबतील, असा ठराव ग्रामसभेत घेऊन तो कारखान्याला आणि पोलीस ठाण्याला कळवावा. मोटार वाहन कायद्याच्या २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा ठराव तिच्यापर्यंत लेखी पोचला, की त्याची नोंद घ्यावी लागते. तोंडी तक्रार चहाबरोबर संपते.

आणि परिवहन खात्याला व पोलिसांना एवढंच सांगणं, की तपासणी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात करा, आणि ती कारखान्याच्या दारापासून सुरू करा. अपघातानंतरच्या मोहिमेचा धाक आठवडाभर टिकतो.

ऊस आपल्या जिल्ह्याचं पोट भरतो, त्याबद्दल दुमत नाही. ट्रॅक्टरवाला आपलाच, मोटरसायकलवरचा पोरगाही आपलाच. म्हणून हे भांडण कुणाविरुद्ध नाही. ट्रॉली भरून झाली, की दोर आवळण्याआधी एकदा मागं जाऊन उभे राहा. हौद्याच्या कडेच्या बाहेर जे दिसेल, ते तिथंच उतरवून ठेवा. मग फडकं बांधायची गरजच पडणार नाही.